अठ्ठेचाळीस किलोंचा रेसर

त्या काळात माझं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं आणि उंची पाच फूट सात इंच. आमच्या असल्फ्याच्या चाळीत मला 'अगरबत्ती' म्हणायचे. मोटारींच्या शर्यतीतली माझी सगळी कारकीर्द या एका गुणावर उभी राहिली. धाडस, नजर, वेगाचं वेड वगैरे गोष्टी मी पुढे पाहुण्यांना सांगताना घातल्या.

मी साकीनाक्याच्या एका गॅरेजात इंजिनांचं काम करायचो. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, वडील घरी बसले होते, आणि दहावीनंतर लगेच मी पाना हातात घेतला होता. इंजिन खोलणं, घासणं, परत जुळवणं यात माझा हात चांगला होता, हे मला खोटी नम्रता न दाखवता सांगता येईल. कारण पुढे सांगण्यासारखं फार कमी आहे.

गॅरेजचे मालक गुजराती शेठ. मुलुंडला राहायचे, मराठी आमच्याइतकंच बोलायचे, शिव्या आमच्यापेक्षा चांगल्या द्यायचे. त्यांना शर्यतीचा नाद होता. जुहूकडच्या धावपट्टीवर तेव्हा अधूनमधून रविवारी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. ड्रम, जुने टायर आणि पेंढ्याचे भारे मांडून वळणावळणाचा रस्ता करायचे आणि लोक उन्हात उभे राहून बघायचे. शेठनी त्यासाठी एक जुनी फियाट घेतली. आम्ही तिचं इंजिन असं काही जुळवलं की ते सुरू केल्यावर समोरच्या उपाहारगृहातल्या बशा वाजायच्या. पण शेठ गाडी घेऊन गेले की शेवटून पहिले यायचे.

"गाडी जड आहे," शेठ म्हणाले.

मग आम्ही गाडी हलकी करायला घेतली. मागची सीट काढली, पुढची एक काढली, बंपर काढले, दारांच्या आतले पत्रे काढले. काढलेलं सगळं शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून शेठ वजन लिहून घ्यायचे. एका संध्याकाळी ते दारांच्या काचा खाली-वर करायचे दांडे हातात तोलत उभे होते. "अजून काय काढता येईल?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

शेठ एकशे दहा किलोंचे होते. गॅरेजातल्या सातही माणसांना उत्तर माहीत होतं, आणि त्यांतल्या सहांना अक्कल होती.

"शेठ," मी म्हणालो, "सगळ्यात जड पार्ट तर तुम्हीच आहात ना."

गॅरेजात एवढी शांतता मी त्याआधी फक्त वीज गेल्यावर ऐकली होती. शेठनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. वेळ फार लागला नाही, बघण्यासारखं होतं किती! मग म्हणाले, "काट्यावर उभा राहा."

मी उभा राहिलो. भंगारवाल्याने आकडा वाचला.

"पुढच्या रेसला तू बसणार," शेठ म्हणाले. "गाडी येते ना तुला?"

"येते," मी म्हणालो.

खरं म्हणजे मला गाडी गॅरेजातून बाहेर काढता यायची आणि परत आत लावता यायची. म्हणजे पहिला गिअर आणि रिव्हर्स. दुसरा, तिसरा, चौथा यांची ओळख मला फक्त आतून होती, दात मोजण्यापुरती.

माझे मामा बसचे ड्रायव्हर होते, कांदिवलीला राहायचे. मी त्यांच्याकडे गेलो आणि खरं सांगितलं. मामा बराच वेळ हसले. मग म्हणाले, "गाडी घेवन ये. म्हणजे, नको. मीच येतंय न्हेवक."

तेव्हा चारकोपला सेक्टरांचे रस्ते आखून झाले होते, पण घरं उभी राहायची होती. सरळ, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना गवत, आणि माणूस नाही. शर्यतीच्या गाडीत दुसरी सीट नव्हती म्हणून मामा तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसले आणि त्यांनी मला चार रविवार शिकवलं. शेठना वाटत होतं मी वेगाचा सराव करतोय.

मामांनी बावीस वर्षं बस चालवली होती आणि एकालाही कधी धक्का लावला नव्हता. त्यांची शिकवायची पद्धतही तशीच होती. "गाडयेत माणसां उभी आसत असा समज," ते सांगायचे. "म्हातारी आसा, तिच्या हातात पिशी आसा. आता मार ब्रेक." मी ब्रेक मारला की मामा मागे वळून त्या नसलेल्या म्हातारीकडे बघायचे. निघताना ते बसल्या जागी डब्यावर दोनदा बोटं वाजवायचे, थांबायचं असलं की एकदा, कंडक्टर घंटी मारतो तसं. वळायच्या आधी आरसा, मग हात बाहेर. उजवीकडे वळताना हात सरळ, डावीकडे वळताना हात गोल फिरवायचा. चौथ्या रविवारी मामा म्हणाले, "आता तुका कोण नावां ठेवूचो नाय."

पहिल्या शर्यतीच्या दिवशी माझ्या अंगात शेठचा जुना निळा डगला होता आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. ते ढिलं होतं म्हणून आत पंचा कोंबला होता. आईला मी 'कंपनीचं काम आहे' असं सांगून निघालो होतो. नऊ गाड्या रांगेत उभ्या होत्या, सगळ्यांची इंजिनं ओरडत होती. एका माणसाने झेंडा वर धरला आणि खाली केला.

आठ गाड्या गेल्या. मी उभा होतो. तुम्ही हसाल, पण माझे कान दोन टोल्यांची वाट बघत होते. शेठ बाजूने किंचाळले तेव्हा मी निघालो.

पहिलं वळण डावीकडे होतं. मी आरशात बघितलं, हात बाहेर काढला आणि गोल फिरवला. प्रेक्षकांना वाटलं मी त्यांना हात करतोय, त्यांनीही परत हात केले. सहा फेऱ्यांत मी एकही सिग्नल चुकवला नाही. शेवटचा आलो, तोही इतक्या आरामात की ड्रम उचलणारी माणसं कामाला लागली होती.

शेठ माझ्या दाराशी आले. राग गिळत त्यांनी विचारलं, "तू हात कशाला काढत होता?"

"वळायचं होतं ना शेठ."

"पण मागे कोण होतं तुझ्या?"

मी विचार केला. "कोणीच नाही," मी म्हणालो.

शेठनी मला लगेच काढायला हवं होतं. पण गाडी सरळ रस्त्यावर कशी पळाली होती ते त्यांनी बघितलं होतं, आणि दुसरा अठ्ठेचाळीस किलोंचा माणूस त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी मला नव्याने शिकवायला घेतलं. पहिलं काम म्हणजे मामांनी शिकवलेलं सगळं पुसायचं. ते काही पूर्ण जमलं नाही, पण हात आत राहायला लागला. मी एक युक्तीही शोधून काढली, तिच्याबद्दल शेठना बोललो नाही. पुढची गाडी ब्रेक मारेल तिथे ब्रेक मारायचा, ती वळेल तिथे वळायचं. इंजिन आमचं चांगलं होतं, त्यामुळे सरळ रस्त्यावर मी कोणाला तरी गाठायचो आणि मग पुढच्याच्या शेपटाला चिकटायचो. असं करत मी सातवा आलो, मग पाचवा, आणि एकदा आमच्या गटात तिसरा. त्या गटात शेवटपर्यंत तीनच गाड्या टिकल्या होत्या, ही गोष्ट मी चाळीत सांगितली नाही.

चाळीत मी तिसऱ्या नंबरचा कप घेऊन गेलो. आईने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यात काय ठेवतत?" वडील दुसऱ्या दिवशी नाक्यावर ओळखीच्या प्रत्येकाला 'पोरगा मोटारी पळवतो' म्हणून सांगून आले.

त्यामुळे झालं काय, की शेजारच्या घरात लग्न निघालं आणि नवरदेवाच्या ऍम्बेसेडरचा ड्रायव्हर ऐन वेळी आला नाही, तेव्हा सगळे माझ्या दारात आले. "रेसवाला असताना दुसरा कशाला?" मी भाव खात तयार झालो. घाटकोपरच्या हॉलपर्यंत जेमतेम दीड किलोमीटर. पण पुढे बँड होता, बँडच्या पुढे नाचणारी मंडळी होती आणि त्यांच्यापुढे नवऱ्याचा काका होता, जो दर दहा पावलांवर थांबून सगळ्यांना परत पहिल्यापासून नाचायला लावत होता. मी अर्धा तास क्लचवर पाय ठेवून बसलो. मग गाडीतून वाफ यायला लागली.

मागच्या सीटवर नवऱ्याच्या बहिणीची मैत्रीण बसली होती, हातात आरतीचं ताट. "काय हो," ती म्हणाली, "तुम्हीच ना ते रेसवाले?"

"हो," मी म्हणालो.

"नाही, विचारलं आपलं. मगासपासून एक आजीबाई दोनदा आपल्या पुढे गेल्या."

मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, रेडिएटरमध्ये पाणी घातलं. नवरदेव उरलेला रस्ता चालत गेला. ती मात्र ताट घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि हे काय, ते काय असं इंजिनाबद्दल विचारत राहिली. मी एवढं बोललो की मुहूर्त टळला, म्हणजे आमच्या दोघांपुरता. अक्षता आम्हाला मिळाल्याच नाहीत. पुढच्या वर्षी आमच्या स्वतःच्या लग्नात मी गाडी ठेवू दिली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच शर्यतीला बायको बघायला आली. मामाही आले, खास रजा टाकून, इस्त्रीच्या शर्टात. त्या दिवशी सगळंच जमून येत होतं. झेंडा पडताच मी निघालो. तिसऱ्या फेरीपर्यंत चौथा, पाचव्या फेरीत तिसरा. पुढे दोन गाड्या होत्या, एक लाल आणि एक पांढरी, आणि दोघींचं आपसात भांडण चाललं होतं. एका वळणावर पांढरीने आत घुसायचा प्रयत्न केला, दोघी एकमेकींना घासल्या आणि गोल फिरून पेंढ्यात गेल्या. कोणाला काही लागलं नाही. मी त्यांच्या शेजारून सरळ पुढे निघालो.

आणि मी पहिला होतो.

शेठ पलीकडे दोन्ही हात वर करून उड्या मारत होते. मला ते दिसलं. पण त्याहून जास्त मला समोरचं दिसलं. समोर कोणी नव्हतं. एवढी मोकळी जागा मी चारकोपनंतर बघितली नव्हती, आणि तिथे शेजारी मामा होते. घरी दहा बाय बाराची खोली, कामावर तीन गाड्यांमध्ये अंग चोरून उभं राहायचं, आणि धावपट्टीवर कायम कोणाचा तरी मागचा दिवा. आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर तो दिवा शोधत होती. कुठे ब्रेक मारायचा? कुठे वळायचं? पहिली शर्यत सोडली तर मी रस्ता कधी बघितलाच नव्हता.

ड्रम डावीकडे वळले. मी वळलो नाही. दोन टायर उडवून गाडी गवतात घुसली, गवतातून उभ्या केलेल्या स्कूटरींकडे, तिथून लोकांच्या दिशेने. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. माणसं बाजूला पळाली. गाडी उसाच्या रसाच्या हातगाडीपासून दोन हातांवर थांबली.

रसवाला भैया हलला नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बरफ डालके, के बिना बरफ?"

शेठ धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मारणार, असं मला वाटलं. त्यांनी माझं हेल्मेट ओढून काढलं, मान, खांदे चाचपले. "लागलं काय कुठे?"

"नाही."

"मग रस्ता का सोडला रे? तू पहिला होता!"

"शेठ, पुढे कोणीच नव्हतं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे इतके दिवस तू..."

"जो पुढे असेल त्याच्या मागे जायचो."

शेठ गाडीला टेकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. रसवाल्याने न सांगताच दोन ग्लास भरले. रस पिता पिता मी त्यांना म्हणालो, "मला भीती वाटली. मोकळं दिसलं आणि भीती वाटली." ते हसायचे थांबले. मान हलवली, आणि त्याबद्दल परत कधी कोणासमोर बोलले नाहीत.

मामांचं मत वेगळं होतं. "थांबवलंस मात्र झकास," ते म्हणाले. "एक माणूस पडूक नाय."

सोमवारी मी शेठना सांगितलं की मला इंजिनापाशीच राहू द्या. त्यांनी अंधेरीचा एक कॉलेजात शिकणारा तरुण आणला. तो सत्तर किलोंचा होता. म्हणजे माझी एकमेव पात्रताही तशी गरजेची नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तो मोकळ्या रस्त्याला घाबरत नव्हता, उलट पुढे कोणी दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. तिसऱ्याच शर्यतीत तो आमची फियाट घेऊन पहिला आला.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. हार, फोटो, शेठच्या डोळ्यांत पाणी. खोटं कशाला बोलू, माझ्या छातीत जरा कळ आली. त्याच्या जागी मी असतो, वगैरे. पण ती कळ जेमतेम मिनिटभर टिकली, कारण शेवटच्या दोन फेऱ्यांपासून मला आवाज येत होता. तिसरा सिलिंडर मधूनच चुकत होता. सगळे त्याच्या मागे गेले तेव्हा मी गाडीपाशी गेलो आणि बॉनेटला हात घातला. सहा वर्षं इंजिनात हात घालणारा माणूस शर्यतीतून आलेल्या गाडीचं बॉनेट उघड्या हाताने उचलायला गेला! तळवा भाजला. मग बाहीने बॉनेट उघडलं, प्लग काढून बघितला. काळाकुट्ट होता. आवाज बरोबर ओळखला होता.

घरी गेलो तेव्हा बायको चहा गाळत होती. माझ्या हातावरचं पिवळं मलम तिला दिसलं.

"हरलात?" तिने विचारलं.

"जिंकलो. पहिले."

"मग हाताला काय?"

"बॉनेट गरम होतं. प्लग बघायचा होता."

तिने कप माझ्या डाव्या हातात दिला. "पुढच्या वेळी फडकं घेऊन जा," ती म्हणाली, आणि प्लगचं काय झालं ते विचारत समोर बसली.