साखरेच्या शेवंतीवरचं सोनं

जोयड्यात माझं केकचं लहान दुकान आहे. श्रावण लागला की मागच्या खोलीत, त्याच टेबलावर, मी गणपतीही रंगवतो. मुकुटाला लागणारी सोनेरी पूड धातूची असते. ती पोटात किंवा श्वासात जाता कामा नये. साखरेच्या फुलांना लावायची पूड खाण्याची, बेळगावहून आणलेली. पावसात दोन्हींचे गोळे होतात, म्हणून मी त्या सारख्याच दोन बरण्यांत भरून चुलीवरच्या फळीवर ठेवल्या होत्या. वरच्या चिठ्ठ्या ओलीनं सुटून पडल्या. पुन्हा चिकटवल्या नाहीत. मला नजरेनं ओळखता येतं, असा माझा समज होता.

त्या सकाळी गुंद गावाहून एका आजीनं नातीच्या वाढदिवसाचा केक सांगितला होता. साखरेच्या शेवंत्या आदल्या दिवशीच वाळवल्या होत्या. एका बरणीतली पूड घेऊन मी पाकळ्यांच्या कडांवर मऊ कुंचल्यानं हलकेच फिरवली. फुलं लखलखली. खोका जीपवाल्याकडे दिला आणि गणपतीसमोर बसलो.

दुसऱ्या बरणीतली पूड वार्निशात कालवून मुकुटावर पहिला हात मारला, तर रंग फिका आला, मोत्यासारखी नुसती झाक. मुकुटाचं सोनं असं येत नाही. हातातली पूड खाण्याची होती. म्हणजे शेवंत्यांवर गेली ती दुसरी.

गुंदला फोन लागेना. पहिली बरणी खिशात घालून मोटरसायकल काढली. रस्ता निसरडा, धुकं उतरलेलं, आणि वळणावळणाला माझ्या डोळ्यांसमोर एक लहान तोंड उघडत होतं.

पोचलो तेव्हा केक कापून झाला होता. फुलं अज्जीनं, म्हणजे मुलीच्या आजीनं, ताटलीत काढून ठेवली होती. एकच शेवंती मुलीच्या हातात होती. मी ती घेतली आणि म्हणालो, फुलांना ओल लागलीय, खाऊ नका, दुसरी देतो. असं का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. वाटेत मी खरं सांगायचंच ठरवलं होतं.

अज्जी हसली. म्हणाली, ओलीला भ्यायचं तर आमी ह्या गावात ऱ्हायलोच न्हाई म्हनायचं. सगळे हसले. मुलगीही हसली, आणि तिच्या खालच्या ओठावर सोनं चमकलं.

"अज्जी, ओल न्हाई," मी म्हणालो. "गणपतीच्या मुकुटाची पूड लागलीया. चुकून. पोरीनं चाटलीया."

हसणं तिथंच थांबलं. आईनं मुलीचं तोंड पदरानं पुसलं, वडिलांनी जीप बोलावली. ताटलीतली फुलं मोजून पाहिली. बाकी कुणी खाल्लं नव्हतं. अज्जी जीपमध्ये चढली आणि मला म्हणाली, तुमी बी चला. त्या वाटेवर मुलगी एकदा खोकली.

जोयड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली. बरणी उघडून पाहिली, फोनवर कुणाशी तरी बोलले, आणि मुलीला बसवून ठेवलं. तिला काही झालं नव्हतं. केक राहिला म्हणून ती रडत होती. मला त्यांनी विचारलं, कळल्याबरोबर सांगितलंत ना?

मी तोंड उघडण्याआधी अज्जी बोलली. "न्हाई. आदी ओल म्हनाले." मग माझ्याकडे वळली. "तुमचं पोर आसतं, तर ओल म्हनाला आसता व्हय?"

मी मान खाली घातली. डॉक्टर लिहीत राहिले.

ऊन उतरताना त्यांनी घरी न्यायला सांगितलं. उलटी झाली किंवा धाप लागली तर लगेच परत आणा, म्हणाले. माझी मोटरसायकल गुंदलाच होती, म्हणून मीही त्यांच्या जीपमध्ये चढलो. अज्जीनं नातीला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली. मुलगी झोपली. इंजिनाच्या आवाजात तिचा श्वास मला नीट ऐकू येईना, आणि पुढं वाकून बघायची हिंमत होईना.