पिक्चरमधला आबांचा हात

तो पिक्चर मी दुसऱ्यांदा बघेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पहिल्यांदा बघितला तेव्हाच दोन तास फुकट गेले म्हणून चडफडले होते. पण यंदा धनत्रयोदशीला, संध्याकाळी पाच वाजता, आबा आणि मी टीव्हीसमोर बसून तोच बघत होतो. सहाला फोन यायचा होता आणि सहा काही केल्या वाजत नव्हते.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या मानेवर गाठ आली होती. तिचा तुकडा तपासायला दिला होता, म्हणून त्यांना कार्ल्याहून माझ्याकडे कामशेतला आणून ठेवलं होतं. रिपोर्टचं संध्याकाळी कळवतो, असं दवाखान्यातले म्हणाले होते. सकाळपासून मी फोन तीनदा चार्जिंगला लावला, आणि शेजारणीच्या फोनवरून स्वतःलाच एक मिस्ड कॉल देऊन बघितला. आबा मात्र म्हणाले, "त्यो आपला पिक्चर लाव. माझा हात हाय त्यात."

हात होता खरा. आबा पूर्वी तुंगार्लीतल्या एका बंगल्याची राखण करायचे. तिथं ऐन वैशाखात दिवाळीचा भुताचा पिक्चर काढायला माणसं आली. दारात आकाशकंदील आणि कंदिलाखाली घामाघूम झालेले नट. गोष्ट अशी, की एक कुटुंब दिवाळीला बंगल्यात उतरतं, घरातले आजोबा दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतात, आणि त्या दिव्याच्या वाटेनं यमदूत येऊन रोज एकाला घेऊन जातो. आता आपल्याकडे धनत्रयोदशीला हा दिवा ठेवतात तो यमानं घराकडे फिरकू नये म्हणून. ह्या शहाण्यांनी त्याचंच आमंत्रण केलं. दिवाही कणकेचा नाही, मातीचा. आणि यमदूत असा, की धूर जरा विरला की त्याच्या पायातले बूट दिसत.

आजोबा झालेल्या नटाला गुडघ्यांमुळे वाकता येईना, म्हणून पायरीवर दिवा ठेवताना हात तेवढा आबांचा घेतला.

माझा राग बुटांवर नव्हता. शूटिंग चाललं होतं तेव्हा मी पुण्याला दवाखान्यात होते. आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, माझं आणि पोटातल्या बाळाचंही काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणत होते. आई तर आधीच गेलेली. आबांना निरोप गेला, आणि आबा आले दोन दिवसांनी. "पिक्चरवाल्यांनी सोडलं न्हाई," एवढंच म्हणाले. मुलगी सुखरूप झाली, आता तळेगावला नोकरीला जाते. पण ते दोन दिवस मी आबांना माफ केले नव्हते. पिक्चरचा विषय निघाला की चारचौघांत माझा टोमणा ठरलेला असे: पोरीला सोडून गेले नट व्हायला, आणि साधा दिवा काही नीट ठेवता आला नाही.

कारण तो बंगला मला ठाऊक होता. पायऱ्या दक्षिणेला उतरतात, फणसाचं झाड पूर्वेला. पिक्चरमध्ये दिव्याचं तोंड सरळ फणसाकडे. म्हणजे सगळी गोष्टच फुसकी. यमदूत आला तो कुणाचा दिवा बघून?

तो प्रसंग साडेपाचच्या सुमाराला आला. कोयत्यानं दुभंगलेल्या नखाचा आबांचा अंगठा पडद्यावर दिसला आणि आबा खुर्चीत जरा पुढं सरकले. हातानं दिवा पायरीवर ठेवला. तोंड खाली उतरणाऱ्या पायऱ्यांकडे, म्हणजे बरोबर दक्षिणेला. मग मागं जाता जाता एका बोटानं दिवा फणसाकडे फिरवला.

मी रिमोटनं मागं नेऊन पुन्हा बघितलं. धक्का लागला नव्हता. फिरवलाच होता.

"आबा, हे मुद्दाम केलंत?"

"व्हय."

"का?"

"वैशाखात कुनी दक्षिनेला दिवा ठेवतं का? त्यो ह्या एकाच दिवशी. आन् तू तितं दवाखान्यात." आबा टीव्हीकडेच बघत होते. "त्यांचा खेळ असंल, पर वात तर खरीच पेटवली व्हती. दोन दिस ठेवून घेतला त्यांनी, पुन्हा कर, पुन्हा कर. दर टायमाला फिरवला. मी आलो असतो तर दुसऱ्या कुनीतरी ठेवला असता, त्यांनी सांगितला तसा. म्हनून थांबलो."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तू शिकलेली. हसली असतीस."

हसलेच असते. एवढी वर्षं हसतच तर होते. मला माझीच लाज वाटली, आणि ती लपवायला मी उगाच आवाज कमी-जास्त करत बसले.

फोन सहाच्या आधीच वाजला. रिपोर्ट आलाय, पण फोनवर सांगता येणार नाही, उद्या दहाला डॉक्टरांना भेटा. "चांगला असेल तर सांगतात ना हो फोनवर?" मी विचारलं. "उद्या या," पलीकडची बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. दिवा लाव, अंधारतंय."

मी कणीक मळली, ती सैल झाली, पुन्हा पीठ घातलं. वात दोनदा तेलात पडली. उंबऱ्याबाहेर दिवा ठेवून पेटवला आणि बघते तर तोंड पूर्वेला. मीच फिरवला होता. तो दक्षिणेला करायला माझा हात धजेना.

आबा भिंतीला धरत बाहेर आले. कष्टानं वाकून माझ्याशेजारी टेकले आणि एका बोटानं त्यांनी दिवा दक्षिणेला वळवला. "आज हिकडंच. आज त्येचा मान हाय. मान दिला म्हंजी भायेरच्या भायेर जातो."

वारा नव्हता, तरी मी वातीभोवती हाताचा आडोसा धरून बसले होते.

"उद्या येनार न्हवं संगं?" त्यांनी विचारलं.

"येते की," मी म्हटलं. "पिक्चरवाल्यांनी सोडलं तर."

आबा हसले. मग उठायला म्हणून त्यांनी माझा हात धरला, आणि उठल्यावरही सोडला नाही.