झकारियाची परात

बगदादमध्ये शाळेतल्या बाईंना 'सित्त' म्हणतात; चौथीच्या सित्त बहिजाला सणांचं वेड होतं. मोठे सण नव्हेत, ते कोणीही करतं. तिला हवे असायचे ते अडगळीत पडलेले, फक्त म्हाताऱ्यांना आठवणारे सण. खिद्र पिराच्या दिवशी लोक दजला नदीत फळकुटांवर मेणबत्त्या सोडतात. ही वर्गात पाण्याचं घमेलं आणून त्यात सोडायची. वर्गात साबी पंथाच्या सोनाराची मुलगी होती, तर त्यांच्या पांढऱ्या कपड्यांच्या पाच दिवसांच्या सणात सगळा चौथीचा वर्ग डोक्याला पांढरे रुमाल बांधून पाढे म्हणायचा. बाकीच्या सित्त हसायच्या.

"काय सित्त बहिजा, आज काय? वांग्याची जयंती?"

"वांग्याची नाही गं, तुझ्या डोक्याची. रिकाम्या मडक्यांचाही एक सण असतो."

मुख्याध्यापिका मात्र हसत नसे. शाळेला सरकारी दिवस कमी होते का? फौजेचा दिवस, पक्षाचा दिवस, नेत्याचा वाढदिवस, शिवाय दर गुरुवारी झेंडा आणि घोषणा. "तेवढे कर आणि गप्प बस," असं ती तोंडावर सांगायची. बहिजा तेवढे करायची. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि पुढचं सगळं त्यानेच झालं.

या सगळ्यात झकारियाचा, म्हातारपणी मूल झालेल्या त्या पैगंबराचा दिवस तिचा खास लाडका. शाबान महिन्यातला पहिला रविवार. घरातल्या प्रत्येक लेकरामागे परातीत एक मातीचं भांडं मांडायचं, मुलग्याला तोटीची सुरई, मुलीला बिनतोटीचं मडकं. तोंडाशी हिरव्या डहाळ्या, वर मेणबत्ती. जिला मूल नाही तिने दुसरीच्या परातीतली मेणबत्ती उचलायची आणि नवस बोलायचा. बहिजाने ऐन उमेदीची सगळी वर्षं शेजारणींच्या मेणबत्त्या उचलण्यात घालवली. मूल झालं नाही. नवऱ्याने दुसरी केली. तेव्हापासून ती स्वतःची परात वर्गात मांडायला लागली. म्हणायची, "मला एकदम चाळीस दिली देवाने, तीही नाक पुसायला शिकलेली!" पोरं आपापल्या घरातल्या सगळ्या भावंडांची भांडी घेऊन यायची. वर्ग नुसता कुंभारवाडा व्हायचा.

शेजारच्या देशाशी चाललेल्या लढाईला सात वर्षं उलटली, तेव्हा परातीतल्या सुरया कमी व्हायला लागल्या. कारण परातीचा नियम एकच: भांडं जिवंत लेकराचंच. ज्या घरावर मयताचं काळं कापड लागलं, त्या घरची सुरई माळ्यावर जायची.

त्या वर्षी झकारियाच्या आदल्या आठवड्यात शाळेचा शिपाई अबू सत्तार वर्ग झाडायला म्हणून आला आणि झाडू धरून नुसताच उभा राहिला.

"काय झालं रे बाबा? भूत बघितलंस का?"

"सित्त, नसीर गेला."

नसीर म्हणजे बहिजाचा जुना विद्यार्थी. याच वर्गात मागच्या बाकावर बसून खडू खायचा मेला. त्याची धाकटी बहीण सुहाद आता तिच्या चौथीत होती. बाप नव्हता. नसीर दक्षिणेला दलदलीच्या आघाडीवर होता आणि हिवाळ्यापासून बेपत्ता होता. बेपत्ता म्हणजे कैदेतही असू शकतो. त्याची आई, उम्म नसीर, शत्रूचा रेडिओ रजईखाली घेऊन कैद्यांची नावं ऐकत बसायची. पकडली गेली असती तर जन्माची अद्दल घडली असती, पण तिला पर्वा नव्हती.

अबू सत्तारचा पुतण्या त्याच तुकडीत होता. रजेवर आल्यावर त्याने चुलत्याला सांगितलं: नसीर त्याच्या डोळ्यांसमोर पडला, लव्हाळ्यात. प्रेत आणता आलं नाही. प्रेत नाही म्हणून कागदोपत्री बेपत्ता.

"तिला कोण सांगणार?" बहिजाने विचारलं.

"मी नाही. माझ्या जिभेला काटे फुटतील. आणि तुम्हीही कुणाला बोलू नका. उम्म नसीर त्याच एका आशेवर उठते-बसते. आशा तुटून तीच गेली तर त्या पोरीला कोण बघणार?"

बहिजाने शपथ घेतली. रात्री भरपूर रडली. सकाळी तोंड धुऊन शाळेत गेली आणि सुहादच्या वहीत 'शाब्बास' लिहिलं.

सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे झकारियाच्या रविवारी शाळा होतीच; दुपारच्या पाळीत पोरं भांडी घेऊन आली. सुहाद सगळ्यांत शेवटी. एका काखेत तिचं मडकं, दुसऱ्या काखेत सुरई. तोटी तुटलेली, डांबराने चिकटवलेली. बहिजाने ती सुरई ओळखली. दहा वर्षांपूर्वी तिने स्वतः ती या परातीत मांडली होती.

"दोन्ही आणलीस?" तिच्या तोंडून गेलं.

"मग? आम्ही दोघं आहोत ना." सुहाद दम टाकत म्हणाली. "सित्त, आज आईचा मुका उपास आहे. पहाटेपासून अन्नाचा कण नाही, एक शब्द नाही. काल मला म्हणाली, सित्तच्या हाताला गुण आहे. नसीरची मेणबत्ती शेवटपर्यंत नीट जळली असं तू येऊन सांगितलंस, तरच उपास सोडीन."

"आणि नाही जळली तर?"

"का नाही जळणार? वारा येतो म्हणून मी आधी खिडकी लावून घेते."

आता काय बोलणार! बहिजाने सुरई घेतली आणि परातीत मांडली, पार मागे, भिंतीकडे. मेल्या माणसाचं भांडं जिवंत पोरांच्या ओळीत बसवताना तिला पाप लागल्यासारखं वाटत होतं. पण काढायचं तरी कसं? चाळीस पोरांसमोर त्या पोरीला काय सांगायचं?

तिने मेणबत्त्या लावायला सुरुवात केली. तिची पद्धत अशी: काडी टेकवायची, लेकराचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "अल्ला राखो." वर्ग ओरडायचा, "आमीन!" जिवंत माणसाच्या नावामागे 'अल्ला राखो', गेलेल्याच्या नावामागे 'अल्ला रहम करो'. बोलायला लागलेल्या पोरालाही हा फरक कळतो. आणि त्या वर्षी बगदादमध्ये कुठल्याही घरात बसा, दुसरंच जास्त ऐकू यायचं.

"हैफा, अल्ला राखो!"

"आमीन!"

"जलील, अल्ला राखो!"

"आमीन! सित्त, माझी वाकडी आहे!"

"तूच वाकडा आहेस, ती तुझ्यावर गेलीय. गप बस."

पोरं खिदळली. बहिजालाही बरं वाटलं. वाटलं, निभेल आता. सुहादची लावली. मग हात लांब करून भिंतीकडच्या सुरईला काडी टेकवली. ज्योत धरली. तिला समोर तो खडू खाणारा पोरगा दिसला, ओठ पांढरे झालेला, आणि तिचं काळीज भरून आलं.

"नसीर," ती म्हणाली, "अल्ला रहम करो."

कोणी आमीन म्हणालं नाही.

मागच्या बाकांवर काही पोरांचे तळवे आपोआप वर उघडले, मयताची फातिहा म्हणायला उघडतात तसे. सवय होती बिचाऱ्यांना. घरोघरी तेच चालू होतं. मग जलीलने शेजाऱ्याला कोपर मारलं आणि तळवे खाली आले.

"घसरली गं जीभ!" बहिजा घाईघाईने म्हणाली. "म्हातारी झाले मी! नसीर, अल्ला राखो! म्हणा की रे आमीन!"

"आमीन," वर्ग पुटपुटला.

सुहाद तिच्याकडे बघत होती. रडली नाही. बहिजाच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. फळ्यावरचं अवघड गणित उतरवताना बघायची तशी. मग म्हणाली, "बाकीच्यांच्या लावा ना, सित्त. काडी बोटाला लागेल."

शाळा सुटली. बहिजा सुहादचं मडकं हातात घेऊन तिच्याबरोबर निघाली. तिला एकटीला सोडायची हिंमत नव्हती आणि बरोबर जायचीही नव्हती. दोघी गल्लीच्या तोंडाशी आल्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" सुहादने विचारलं.

बहिजाला खोटं बोलता आलं नाही. "अबू सत्तारच्या पुतण्याने बघितलं."

"नक्की नसीरच होता?"

"हो गं बाळा."

सुहादने सुरई एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "आईला सांगू नका. तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

उम्म नसीर दारातच बसली होती, ओठ सुकून फुटलेले. समोर जवाची भाकरी आणि विहिरीच्या पाण्याचा पेला झाकून ठेवलेला. लेकीबरोबर सित्त स्वतः आलेली बघून ती धडपडत उठली. बोलायचं नव्हतं, म्हणून तिने बहिजाचं मनगट धरलं आणि डोळ्यांनी विचारलं. बहिजाने तोंड उघडलं, काय बोलणार होती ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं पोरांना बोलायला शिकवणारी बाई, आणि एक शब्द सापडेना. तिला स्वतःचीच शरम वाटली.

"सगळ्यांत शेवटी त्याचीच विझली, आई," सुहाद म्हणाली. "जलीलची तर आधीच वाकडी होऊन पडली. आम्ही सगळे हसलो. नसीरची सरळ जळली, तळापर्यंत. मी शेवटपर्यंत बघत होते. विचार सित्तला."

उम्म नसीरने बहिजाकडे बघितलं. बहिजाने मान हलवली.

मशिदीतून सांजेची बांग झाली. उम्म नसीरने भाकरी मोडली, घास तोंडात घातला आणि पाणी प्यायली. मग दिवसातला पहिला शब्द बोलली, "नसीर, अल्ला राखो." सुहादने मोठ्याने आमीन म्हटलं. आई घास गिळेपर्यंत तिची नजर हलली नाही. मग तिने भाकरीचा दुसरा तुकडा आईच्या हातात दिला.

निरोप घेऊन बहिजा गल्लीच्या तोंडाशी आली, तशी सुहाद मागून धावत आली. आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाली,

"सित्त, पुढच्या वर्षी त्याची मेणबत्ती मी लावीन. तुमची जीभ घसरते."