शिक्का एकनाथरावांचा

एकनाथराव मोहिते चिडले की मराठीत चिडायचे. पेनसिल्व्हेनियात चौदा वर्षं काढली, सिटिझन झाले, पण शिव्या अस्सल कोल्हापूरच्या. त्यांचा मालक रॉय त्यांना 'एडी' म्हणायचा, आणि दर वेळी एकनाथराव मनातल्या मनात म्हणायचे, "एडी असेल तुझा बाप!"

स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून वीसेक मैलांवर रॉयचं वर्कशॉप होतं. लेथ तीन, माणसं दोन. एकनाथराव तिथं रायफलचे ॲडॅप्टर बनवायचे. म्हणजे मोठ्या काडतुसाच्या आकाराची पोलादी नळी हो. तिच्या पोटात पिस्तुलाचं छोटं काडतूस बसवायचं आणि ती रायफलमध्ये सरकवायची. हरणं मारायच्या मोठ्या रायफलनं मग स्वस्तात, कमी आवाजात नेमबाजीचा सराव करता येतो. नोव्हेंबरअखेर शिकारीचा सीझन, म्हणून ऑक्टोबरात गिऱ्हाइकांची ही झुंबड!

पण नळीचं भोक केसभर जरी सैल निघालं तरी आतलं काडतूस फुगतं, फाटतं, आणि गरम वायू मागं उलटून तोंडावर येतो. म्हणून प्रत्येक नळीत गेज घालून बघायचं. गेज म्हणजे एक पोलादी दांडी. तिचं एक टोक आत जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. नळी पास झाली की एकनाथराव तिच्यावर आपला शिक्का ठोकायचे, देवनागरी 'ए'. आसपासचे शिकारी त्याला 'हुक' म्हणत. हुक असला की डोळे झाकून घ्यायचं, असं त्यांचं नाव होतं.

१९८४ च्या खंडेनवमीला एकनाथरावांनी नेहमीप्रमाणे रजा टाकली. ज्या हत्यारांवर पोट भरतं त्यांची त्या दिवशी पूजा करायची, त्यांना कामाला जुंपायचं नाही. आदल्या संध्याकाळी ते मायक्रोमीटर आणि गेज घरी घेऊन आले. त्यांची बायको उत्तरा कुंडीतला झेंडू खुडत म्हणाली, "अहो, उद्या तिथं लागणार नाही का हे?"

"माझ्याशिवाय तिथं काय घंटा चालतंय!" एकनाथराव म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गेज देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याच्या सकाळी ते गेज घेऊन कामावर गेले, तर लेथखाली पोलादाचा ताजा कीस. रॉय खुशीत होता. "काल तुझं काम मीच केलं, एडी. चाळीस पीस. संध्याकाळी दुकानात पोचते केले."

"चेक कशानं केलेस?"

"कॅलिपरनं. डोळ्यांनी. तीस वर्षं झाली मला या धंद्यात."

एक जास्तीची नळी टेबलावर उरली होती. एकनाथरावांनी गेजचं न जाणारं टोक तिला लावलं. ते सुळकन आत गेलं. म्हणजे भोक सैल होतं. त्यांनी नळी उलटी केली, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर त्यांचा 'ए' होता.

"माझा शिक्क्याचा पंच घेतलास?"

"हुक नसला तर दुकानदार घेत नाही," रॉय खांदे उडवत म्हणाला. "कमॉन! इंचाच्या एक-दोन हजारांशानं काय आकाश कोसळतंय?"

"लोकांचे डोळे जातील, भडव्या!" हे मराठीत निघालं. मग इंग्लिशमध्ये त्यांनी त्याला सगळा माल परत मागव म्हणून सांगितलं. रॉय नाही म्हणाला. दुकानदाराला काय तोंड दाखवू, म्हणाला. म्हणजे इज्जत याची आणि डोळे लोकांचे!

एकनाथरावांनी तिथूनच घरी फोन लावला आणि रॉयच्या सात पिढ्या उद्धरल्या. उत्तरानं सगळं ऐकून घेतलं. मग ती एवढंच म्हणाली, "पण गेज तर आपल्या देव्हाऱ्यात होतं ना?"

"तू गप्प बस! तुला काय कळतंय त्यातलं?" त्यांनी फोन आदळला.

मग गाडी काढून ते थेट दुकानात गेले. छत्तीस नळ्या तशाच होत्या. चार विकल्या गेल्या होत्या. दुकानदारानं पावत्यांवरून नंबर काढून दिले. तिघं भेटले, तिघांनीही अजून वापरली नव्हती. चौथ्याचा फोन वाजत राहिला. पत्ता घेऊन एकनाथराव निघाले. रस्ताभर रॉयला घालायच्या शिव्या ते जुळवत होते. नालायक, बेअक्कल, बापाच्या जन्मात गेज बघितलं नसेल यानं. नोकरी गेली खड्ड्यात, याचं नाव दारोदार सांगेन.

डोंगराच्या पायथ्याशी घर होतं. मागच्या अंगणात एक दांडगा माणूस रायफल हातात घेऊन तावातावानं बोलत होता. पायरीवर त्याची बायको गालाला ओला नॅपकिन लावून बसली होती. एकनाथराव लगबगीनं जवळ गेले.

"मी हुकवाला," ते म्हणाले.

"बरं झालं आलात!" तो माणूस म्हणाला. "सांगा हिला जरा. पहिल्याच बाराला घोळ घातला. रायफल नीट बंदच केली नसणार. वर मलाच म्हणते, तुझ्या त्या नळीत खोट आहे. मी म्हटलं, हुक आहे त्याच्यावर, तुझंच चुकलं!"

बाईनं नॅपकिन काढला. डोळ्याच्या खाली दोन बोटांवर काळे-लाल ठिपके उठले होते. दोन बोटं वर असते तर? एकनाथरावांच्या जिभेच्या टोकावर रॉयचं नाव होतं, पत्त्यासकट. पण त्या ठिपक्यांकडे बघताना ते काही बाहेर पडेना.

"मॅडम, तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "नळी खराब आहे. तपासायचं गेज मी घरी नेलं होतं. चूक माझी आहे."

नवऱ्यानं रायफल खाली ठेवली. बाई मात्र एकनाथरावांकडे टक लावून बघत होती. नवऱ्याकडे बोट करून ती म्हणाली, "मला नको, ह्याला सांगा. आणि मोठ्यानं सांगा."

एकनाथरावांनी मोठ्यानं सांगितलं. मग मान खाली घालून विचारलं, "मॅडम, तुमच्या घरून एक फोन करू का? माझ्या बायकोला करायचाय."