दोन गावांची आक्का

कुणी धापा टाकत बातमी घेऊन आलं, की आक्का आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची. “पी. मग बोल. आन् बघितल्यालं बोल, ऐकल्यालं नगं.” एकदा तालुक्याचे साहेब घाईघाईनं आले. म्हणाले, “मला तहान नाही.” आक्का म्हणाली, “तान न्हाई, मग घाईबी न्हाई. बसा.” साहेब बसले.

मी वाईची, घराच्या पायरीवरून कृष्णा दिसायची. सांगलीच्या पूर्व भागातल्या एका दुष्काळी गावात शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा पाण्यासाठी पेटलेली माणसं पहिल्यांदा पाहिली. कालव्याचं पाणी मिळावं म्हणून गावंच्या गावं उठली होती. रास्ता रोको, कचेरीला टाळं, मेंढरांसकट मोर्चा. पोरं त्याला क्रांती म्हणायची. आक्का म्हणायची, “करा की क्रांती. फकस्त शेजार मोडू नगा.”

शेजार म्हणजे वरचं गाव. कालवा आधी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे. पाण्यावरून आपसात जुंपली तर आंदोलन मोडेल, म्हणून दोन्ही गावांनी मिळून समिती केली; आमच्या बाजूनं आक्का बोलायची. बैठक शिवेवरच्या बिरोबाच्या देवळात व्हायची. इतिवृत्त मी लिहायचे.

आक्का वरच्या गावची लेक आणि आमच्या गावची सून. ‘आक्का’ ही हाक मुळात तिच्या धाकट्या भावाची. पण बापाच्या विहिरीवरून दोघांचं बिनसलं आणि अकरा वर्षं त्यानं ती हाक मारली नव्हती. तोही समितीत होता. दोन हातांवर बसलेल्या बहिणीला तो माझ्यामार्फत निरोप द्यायचा, “बाई, त्यास्नी सांगा, सोमवारची पाण्याची पाळी आमची.” आक्काही मलाच सांगायची, “बाई, म्हणावं ऐकलं.”

आंदोलनाला यश येऊन पहिलं पाणी सुटलं. आमच्या पाळीच्या दिवशी मात्र कालवा कोरडाच. दुपारी मोबाईलवर फोटो फिरला : वरच्या गावानं कालव्याचं दार फोडून पाणी वळवलं. पोरांनी काठ्या काढल्या, ट्रॅक्टर सुरू केला.

आक्कानं फोन हातात घेऊन निरखला. “ह्यात नारळाची झाडं हायत रं. आपल्याकडं लिंब जगंना, नारळ कवा आलं?”

फोटो भलतीकडचाच होता. पण पाणी नव्हतंच, ते खरं होतं. “आमी बघून येतो. तवर कुणी शीव वलांडायची न्हाई,” म्हणून ती माझ्या स्कूटीवर बसली.

आमच्या तयारीची खबर लागून वरच्या गावातही काठ्या तयार होत्या. पुढे भाऊ उभा होता. आक्का उतरली, सरळ त्याच्यासमोर गेली. “पाणी कुठं अडलंय, दाखव.”

“आमी सोडलंय,” तो माझ्याकडे बघत म्हणाला.

“बाईकडं नगं. माझ्याकडं बघून सांग.”

तो वळून कालव्याच्या काठाकाठानं चालू लागला, आम्ही मागे. शिवेजवळ रस्त्याखालच्या मोरीत वेड्या बाभळीचा ढीग आणि गाळ अडकला होता. पाणी बाजूच्या ओढ्यात चाललं होतं. भावालाही हे ठाऊक नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आक्कानं पदर खोचला आणि पाण्यात उतरली.

“आक्का, भाईर ये! काटं हायत!”

ती थबकली. मान वळवायला तिला वेळ लागला. “मग तू उतर की,” एवढंच म्हणाली.

तो उतरला. मी गावात फोन लावला. आमची पोरं काठ्या टाकून खोरी घेऊन आली. दिवस मावळायच्या आत पाणी आमच्या हद्दीत शिरलं. बहीणभाऊ बांधावर बसले होते. तो तिच्या तळव्यातला काटा काढत होता आणि ती त्याला शिव्या देत होती.

गेल्या थंडीत आक्का गेली. माहेरचं लुगडं आल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. भाऊ लुगडं हातावर घेऊन कालव्याच्या काठानं चालत आला. त्याच्यामागे माणसं दिसू लागली, ती संपेचनात. त्या दिवशी पाण्याची पाळी वरच्या गावाची होती. पाणी धरायला शेतात एकही माणूस थांबला नव्हता.