हमीदाभाभींना मी वाचून दाखवलेला शेवट

तीन वर्षं होत आली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. बहिणीला सांगायचं ठरवून दोनदा तिच्या स्वयंपाकघरात बसले — आणि दोन्ही वेळा शेवग्याच्या शेंगांबद्दल काहीतरी बोलून उठले. मग तुम्हालाच का सांगतेय? नीट कळत नाही. तुम्ही भाभींना ओळखत नाही, म्हणून असेल.

भाभींपासूनच सुरू करते.

आम्ही मलकापूरला राहतो, कराडला लागूनच. मी पोस्टात होते, आता निवृत्त झालेय. हमीदाभाभी आमच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवायच्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी शाहीन लग्न होऊन सांगलीला, मुलगा इरफान मस्कतला. घरात त्या एकट्याच. मशीनच्या डाव्या हाताला अस्तराच्या कापडांची चळत, उजव्या हाताला वाचनालयातली पुस्तकं. त्यांच्याकडून आलेल्या प्रत्येक पुस्तकाला खडूची पूड लागलेली असायची.

मी वाचायला लागले ती चाळिशीनंतर, त्यांच्यामुळं. माप घेता घेता त्या गोष्ट सांगायच्या. मी हात पसरून उभी, त्यांच्या तोंडात टाचणी, आणि गोष्ट अशा जागी आलेली की श्वास घ्यायचं विसरावं. तिथंच त्या टेप गुंडाळायच्या. "झालं. फुडचं तू वाच." शेवट त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. आणि प्रत्येकीला पुस्तक वेगळं. "तुला ह्ये न्हाई झेपायचं, तू आदी त्ये वाच." कुणाला काय बसेल हे त्यांना बघूनच कळायचं — ब्लाउजचं आणि पुस्तकाचंही. ब्लाउज टाकायला आलेली बाई जाताना पिशवीत कादंबरी घेऊन जायची.

त्यातूनच आमचा गट झाला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, आठ-दहा जणी. काय वाचलं ते सांगायचं, दुसरीला वाचायला लावायचं. एकदा एका नायिकेनं नवऱ्याला माफ करायला हवं होतं की नको, यावरून आम्ही इतक्या भांडलो की खालून ग्रंथपाल धावत वर आले. आयुष्यात इतकी मजा मला दुसरीकडं कुठं आली, आठवत नाही.

मग साखरेनं भाभींचे डोळे गेले. आधी सुईतला दोरा, मग अक्षरं, मग समोरची माणसं. कराडला दाखवलं, मिरजेला दाखवलं. शिवण सुटलं त्याबद्दल त्या फारशा बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "नलू, कापडाला हात लावला की कळतं गं. पुस्तकाला हात लावून काय कळतंय?"

मी वाचून दाखवते, असं मीच म्हणाले. कुणी गळ घातली नव्हती. रोज दुपारी तीन ते साडेचार. पहिले काही महिने फार छान गेले. "थांब, त्ये वाक्य परत," असं त्या म्हणायच्या, आणि दुसऱ्यांदा वाचताना मलाही ते वाक्य पहिल्यांदाच दिसायचं. हे सांगतेय, कारण ते महिनेही खरे होते. की मी माझी बाजू सावरतेय? असेलही.

मग ती कादंबरी आली. नाव सांगत नाही. जतकडच्या एका कोरड्या गावातल्या आईची गोष्ट. मुलगा भांडून घर सोडून गेलाय, ट्रकवर कामाला लागलाय, आणि ती त्याची वाट बघतेय. एवढंच. पण पुस्तक जाडजूड. मे महिना होता, भाभींच्या घरावर पत्रा, पंखा नुसता गरम वारा ढकलायचा. माझ्या घरी पाहुणे होते. मी पानं गाळायला लागले. हो, गाळायला. आधी एखादा परिच्छेद, मग अर्धं पान. मग एका दुपारी अख्खं प्रकरण. भाभींना कळलं नाही — की कळलं होतं? "ह्यो लेखक जरा घाईत दिसतोय," असं त्या एकदा म्हणाल्या. मी हसले.

शेवटचं प्रकरण मी आदल्या दिवशी घरी वाचून ठेवलं होतं. मुलगा येतो. गावात एसटीतून उतरतो, रस्त्यापलीकडं आई अंगण झाडताना दिसते. तो बघत उभा राहतो, बराच वेळ. आणि पुढची गाडी येते तिच्यात बसून निघून जातो. आईला तो आल्याचंही कळत नाही. संपलं.

मी ते वाचलं नाही. पुस्तक मांडीवर उघडं होतं, नजर अक्षरांवर होती आणि तोंडानं मी दुसरंच बोलत होते. मुलगा रस्ता ओलांडतो. उंबऱ्यावर बसतो. पाणी मागतो. आणि ती, डोळ्यांना नीट दिसत नसलेली म्हातारी, कोण आलंय हे न विचारता आधी तांब्या भरून आणते. मग नाव विचारते. कुठून आलं हे मला? मी आयुष्यात कधी चार ओळी लिहिलेल्या नाहीत.

का केलं मी असं? इथं माझं डोकं चालत नाही. तेव्हा इरफानचा दीड वर्ष फोन नव्हता, लग्नावरून मायलेकांचं बिनसलं होतं. तो शेवट भाभींना सोसला नसता, म्हणून मी बदलला — असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. पण त्या दुपारी मला इरफान खरंच आठवला होता का? की नंतर आठवला? कारण दुसरीही एक गोष्ट आहे. मुलगा परत का जातो, ते सगळं मी गाळलेल्या प्रकरणात होतं. खरा शेवट वाचला असता, तर भाभींनी विचारलं असतं, "पर का गं? का गेला?" आणि मी पकडले गेले असते. मग दया कुठली आणि भीती कुठली? आज मला दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

आणि आणखी एक. वाचून झाल्यावर भाभी पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "काय लिवलंय गं. आदी पाणी, मग नाव. लय मोठा माणूस असणार ह्यो." मी पुस्तक मिटलं. मला काय वाटलं असेल? लाज? नाही. आनंद झाला. ते वाक्य माझं होतं. पुढच्या दोन पुस्तकांत मी माझी आणखी वाक्यं घुसवली. भाभी कुठं थांबवतात, कुठं "परत" म्हणतात, ते ऐकायला.

आता कुसुमचं सांगते. आमच्या गटातलीच ती, गप्प गप्प बसणारी. तिचा मुलगा घर सोडून गेलेला. पुण्यात कुठंतरी आहे, एवढंच तिला माहीत होतं. भाभींनी एका शनिवारी तिला जवळ बसवलं आणि ती कादंबरी घ्यायला लावली. कधी कुणाला शेवटाबद्दल न बोलणाऱ्या भाभी तिला म्हणाल्या, "शेवटापत्तुर वाच. मदीच ठिवू नगंस. शेवटाला तुला बरं वाटंल बग."

मी दोन हातांवर बसले होते. तेव्हा बोलायला हवं होतं. नंतर कुसुमच्या घरी जाऊन सांगता आलं असतं. मला वाटलं, ती एवढं जाड पुस्तक पुरं करायची नाही. खरंच असं वाटलं.

तिनं पुरं केलं. पुढच्या महिन्याच्या बैठकीला आली ती बसलीच नाही. पुस्तक भाभींच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "भाभी, मी तुमचं काय वाईट केलंवतं?"

भाभींना काही समजेना. "का गं? काय झालं?"

"त्यो आईला बघतोय आन परत जातोय. तिला कळतबी न्हाई. आन तुमी म्हणालात बरं वाटंल. चार दिवस घास उतरला न्हाई मला, भाभी."

"परत?" भाभी म्हणाल्या. "न्हाई गं बाई. पाणी मागतोय की त्यो. उंबऱ्यावर बसून."

"कुठं हाय पाणी? दावा मला."

दाखवा, असं म्हणाली ती — आणि कुणाला म्हणतोय ते लक्षात येऊन तिचा चेहराच उतरला. भाभींनी मान माझ्याकडं वळवली. मी कुठं बसते ते त्यांना माहीत असायचं.

"नलू, तू वाचलंस न्हवं? सांग की तिला."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. आणि मी म्हणाले, "भाभी, तुमची गल्लत होतेय. दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं असेल ते."

हेच ते. एवढं सांगायला मी एवढा फेरा घातला.

मी ठरवून नाही बोलले. पण आवाज अगदी साधा निघाला, मायेचासुद्धा. त्याचंच मला अजून नवल वाटतं. भाभी म्हणाल्या, "आसंल." चाचपडत त्यांनी कुसुमचा हात शोधला. "माफ कर गं. माजं डोस्कं चालंना झालंय." सगळ्यांच्या समोर. मी उठले आणि चहा ओतायला लागले.

त्यानंतर भाभींनी कुणाला पुस्तक सुचवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला इचारू नगा." माझं वाचन चालूच होतं. रोज सुरुवातीला त्या विचारायच्या, "काल कुठं हुतो आपन? तूच सांग." मी सांगायला लागायची आणि राहिलेलं त्याच पुरं करायच्या, अगदी बरोबर, पात्रांच्या नावांसकट. वर मी म्हणायची, "बघा, आठवतंय की तुम्हाला." धीर दिल्यासारखं. मी त्यांना धीर देत होते!

त्यांनीच शाहीनला फोनवर सांगितलं की आपल्याला विसरायला होतंय. शाहीन आली. तिच्यासमोर एकदा दूध उतू गेलं, एकदा किल्ली सापडेना. कुणाचं दूध उतू जात नाही? पण आता प्रत्येक गोष्ट त्याच्यातच धरली जायला लागली. डॉक्टर म्हणाले, या वयात एकटं ठेवू नका. शाहीननं मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, तुम्ही रोज असता, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणाले, सांगलीला घेऊन जा, तिथं जीव रमेल.

दिवाळीनंतर भाभी सांगलीला गेल्या. त्यांची स्वतःची पुस्तकं मी बांधून दिली. कुसुम आली होती, कोपऱ्यात उभी राहून रडत होती. "माझ्यामुळं झालं," असं ती मला म्हणाली. तिलाही मी काही सांगितलं नाही.

गट अजून भरतो. मी जाते. कुणी नवीन पुस्तक सुचवलं की मला भाभींचं "मला इचारू नगा" आठवतं, आणि तरी मी ते घरी नेते, वाचते, आणि मला आवडतंही. यात काय समजायचं?

गेल्या महिन्यात भाभींचा फोन आला. इरफान आता महिन्यातून एकदा बोलतो, नातवाची परीक्षा झाली, असं काय काय सांगितलं. मग म्हणाल्या, "नलू, शाहीनकडनं त्ये पुस्तक वाचून घेतलं. सगळं. कुसुम म्हणत हुती तसंच हाय गं. जातोय त्यो परत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आन मदी त्याच्या बापाचं अक्कं परकरण हाय. त्ये तर मला आजाबात आठवंना. पर त्ये पाणी? आदी पाणी, मग नाव. त्ये मला अजून ऐकू येतंय. तुज्या आवाजात."

आणि मग त्या थांबल्या. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, दार वाजलं, तरी त्या थांबूनच होत्या. त्यांना कळलं होतं का? मला वाट करून देत होत्या का? की खरंच त्यांना विचारायचं होतं, की माझं डोकं ठीक आहे ना, नलू? मला अजून ठरवता येत नाही. त्या थांबल्या होत्या एवढं नक्की.

मी म्हणाले, "वयानं होतं असं, भाभी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "व्हत आसंल." आणि माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

त्यांच्या आठवणीला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनी जे ऐकलं, ते शब्द न् शब्द त्यांच्या लक्षात होतं. ते मी वाचून दाखवलं होतं, आणि मी ते दोनदा नाकारलं, एकदा बैठकीत आणि एकदा फोनवर.