डॉक्टरचं कुळ

बुसेगाच्या चढावर हाजी स्वाइबूचा व्हिडिओ हॉल आहे. वर पत्रा, भोवती फळ्या, आत बाकडी, आणि बाहेर रस्त्याकडे तोंड करून टांगलेला एक भोंगा. आतल्यांना त्याची गरज नाही. रस्त्याने जाणाऱ्याचे पाय थबकावेत म्हणून तो आहे. त्या भोंग्याखाली एरिना नाबुकालू कसावाचे कंद तळते. संध्याकाळ झाली की भोंगा खाकरतो, आणि तिचा मुलगा बोलायला लागतो.

मुलगा तिथे नाही. तो कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नाही.

योकाना लहानपणापासून बडबड्या. शेजारणींनी त्याचं नाव कासुकू ठेवलं, म्हणजे पोपट. पुढे तो त्याच नावाने व्हीजे झाला. परदेशी सिनेमा पडद्यावर त्याच्या भाषेत चाललेला असतो आणि व्हीजे त्यावर आपला आवाज चढवून सगळी गोष्ट इथल्या लुगांडा भाषेत सांगतो. कोण काय म्हणालं एवढंच सांगून भागत नाही. कोण कुणाचा कोण, कोण कुणावर का जळतो, कुणाचं घर बाजारापासून किती लांब, हेही त्यानेच सांगायचं. नुसतं भाषांतर करणाऱ्या व्हीजेला बुसेगात कुणी शेंगदाणेही देणार नाही.

एरिनाच्या एका खोलीत, खिडकीला गादी टेकवून, डोक्यावरून घोंगडी घेऊन तो रेकॉर्डिंग करायचा. अशाच घोंगडीत त्याने 'जहाज' केलं. मूळ मालिकेचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण बुसेगात ते जहाजच. पृथ्वी हरवलेल्या माणसांचं अंतराळातलं जहाज. ते चालवणारी बाई, तिचं नाव कासुकूने नालुमान्सी ठेवलं. एक कप्तान. एक डॉक्टर. आणि किटलीसारखं डोकं असलेला एक यंत्रमानव, त्याचं नाव बिनिका, म्हणजे किटलीच. तीन भाग झाले. मग एक एजंट भेटला, आणि नवा कॉम्प्युटर घेण्यापुरते पैसे मिळवून येतो म्हणून योकाना आखातात पहारेकऱ्याच्या नोकरीवर गेला. आधी दर रविवारी फोन यायचा. मग अधूनमधून. मग त्या नंबरवर दुसराच कुणी तिला न कळणाऱ्या भाषेत बोलायला लागला. कंपनी म्हणाली, तो काम सोडून गेला. एजंटच्या ऑफिसात आता सलून आहे.

पण भोंगा बोलत राहिला. लोकांना जहाज पुन्हा पुन्हा हवं असायचं, आणि हाजीला गिऱ्हाईक.

एरिना आत कधी जात नसे. नालुमान्सी गोरी की काळी, डॉक्टर उंच की बुटका, तिला माहीत नव्हतं. तिला फक्त आवाज पाठ होता. तो कुठे दम घेतो, कुठे हसू दाबतो, कुठे घोंगडी तोंडावरून सरकवतो. मनातल्या मनात ती उत्तरंही द्यायची. 'पळा रे, मागून आले!' असं तो ओरडला की ती पुटपुटायची, 'आधी जेवून घे.' दुसऱ्या भागात, कप्तान मरतो त्या जागी, त्याच्या आवाजामागे एक बाई खोकते. ती एरिनाच. त्या संध्याकाळी चुलीचा धूर फार झाला होता. ती खोकल्याची जागा जवळ आली की एरिनाच्या अंगावर काटा यायचा. मुलाचं तिला काही वाटत नसे, तो तर रोजचाच. पण ती दुसरी बाई, जिचा मुलगा अजून खोलीतच होता, ती तिथे खोकत असायची आणि तिला काहीच माहीत नसायचं.

या खोकल्यावर खेळ सुटल्यावर वाद झडत. बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चालवणारा क्येस्वा म्हणे, जहाजात एक बाई लपलेली आहे, शेवटच्या भागात बाहेर येईल. समोरच्या दुकानात शिवण करणारी तेओपिस्ता म्हणे, ती कप्तानाची मेलेली बायको. दोघं एरिनाच्या कढईपाशी उभं राहून भांडायचे, हातवारे करताना तिचे कसावाचे तुकडे खायचे, आणि ती गप्प राहून तिखट-मीठ भुरभुरवायची.

दिवंगत नवऱ्याचा थोरला भाऊ येकोयादा, एन्किमा कुळाचा इथला कारभारी, कोरड्या दिवसांत यायचा. स्टुलावर बसायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा.

"एरिना, किती दिवस दार उघडं ठेवायचं? कुळात कुजबुज चाललीय. तो गेला असं मानून शेवटचं कार्य उरकू. त्याच्या जागी वारस म्हणून कुणाला तरी बसवू. त्यालाही सुटल्यासारखं होईल."

"जो माणूस रोज बोलतो त्याचं कसलं कार्य, भावोजी?"

"तो भोंगा आहे."

"तुमच्यासाठी."

येकोयादा वाईट माणूस नव्हता. त्याने एक उसासा टाकला. "बरं. भोंगा थांबेल तेव्हा तरी ऐकशील?"

"तेव्हा या," ती म्हणाली. हाजी जहाज कधी थांबवेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

मग चौथा भाग आला.

कासुकू नाही म्हटल्यावर तो मबांजा नावाच्या तरुण व्हीजेने केला. त्या संध्याकाळी भोंगा खाकरला आणि परकाच आवाज बाहेर पडला. एरिनाच्या हातातला झारा तेलातच राहिला. पोराचा आवाज बरा होता, खणखणीत होता. पण तिला वाटलं, आपल्या घरात शिरून कुणीतरी योकानाचा शर्ट चढवून बसलंय.

थोड्या वेळाने हॉलमध्ये आधी हशा पिकला, मग शांतता पसरली, मग फळ्या हादरतील अशी आरडाओरड झाली. लोक बाहेर आले तेच भांडत.

"भाऊबहीण आहेत ती! भाऊबहीण!" क्येस्वा ओरडत होता. "माझी आई इथे असती तर पत्र्यावर दगड मारले असते तिने."

"तुझ्या आईला आधी तिकीट काढावं लागलं असतं," तेओपिस्ता म्हणाली. "तुमच्या घरात ती सवय कुठेय?"

झालं होतं असं. चौथ्या भागात नालुमान्सी आणि डॉक्टर एकमेकांच्या मिठीत जातात आणि जहाजावरच लग्न ठरवतात. पण पहिल्या भागात, ती दोघं पहिल्यांदा भेटतात तिथे, कासुकूने डॉक्टरच्या तोंडी घातलं होतं, 'माझं कुळ एन्किमा,' आणि नालुमान्सी म्हणाली होती, 'माझंही! म्हणजे तू माझा भाऊ झालास!' मूळ मालिकेत ती बहुधा नुसतं नमस्कार-चमत्कार करत होती. पण कासुकू स्वतः एन्किमा कुळाचा, जहाजावरची सगळ्यात आवडती दोन माणसं त्याने आपल्या कुळात घेऊन टाकली. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आता एका कुळाची ती दोघं सगळ्या बुसेगासमोर मुके घेत होती.

"कासुकू बोलला ते बोलला," क्येस्वा म्हणाला. "चौथा भागच चुकलाय."

"कसा चुकेल? मी पहिल्या भागापासून बघतेय, तो कसा बघतो तिच्याकडे! भाऊ असा बघतो? तुझी बहीण सांभाळ बाई मग."

"माझ्या बहिणीचं नाव काढू नकोस!"

आपला खेळ कसा जातो ते बघायला आलेला मबांजा खाली मान घालून म्हणाला, "मूळ मालिकेत कुळ नाहीच. मी कासुकूचंच ऐकून शिकलो, पण इथे त्याची चूक झाली. म्हणत असाल तर मी पहिल्यापासून सगळं नव्याने करतो."

हाजीचे डोळे लकाकले. नव्या सीडी, नवा फलक. "कर. रविवारपासून नवं लावू. जुनं ठेवून करायचंय काय? पहिल्या भागात भाऊ, चौथ्यात नवरा. लोक मला हसतील."

तेल कडकडत होतं. एरिनाने विस्तव मागे ओढला. रविवारी भोंगा थांबणार. सोमवारी येकोयादा येणार, टोपी गुडघ्यावर ठेवणार. तीच म्हणाली होती, तेव्हा या.

"आई, तुम्ही सांगा," क्येस्वा तिच्याकडे वळला. "मुलगा तुमचा. डॉक्टर एन्किमा आहे की नाही?"

तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने हात पुसले.

"त्या डॉक्टरची आई दिसते का कधी? मी काही आत येत नाही."

"नाही. चारी भागांत नाही."

"बाप?"

"बाप लहानपणीच वारला. कासुकूनेच सांगितलंय."

"मग त्याचं कुळ एन्किमा, हे त्याला कुणी सांगितलं?"

क्येस्वा गोंधळला. "आईनेच सांगितलं असणार. आणखी कोण सांगणार?"

"आणि आया नेहमी खरंच सांगतात?"

कुणीतरी फिसकन हसलं. एरिना बोलत राहिली; तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटत होता. "बाई एकटी असेल. पोराला घर हवं, नाव हवं. ज्या घराने उंबऱ्यात घेतलं त्या घराचं कुळ तिने पोराला सांगितलं. पोराने मानलं. डॉक्टर झाला तरी मानलं. जे तो मानत होता तेच माझ्या योकानाने तुम्हाला सांगितलं. त्यात त्याचं काय चुकलं? चौथ्या भागात त्याला खरं कळलं असेल. मग ती त्याची बहीण नाहीच. करू दे की लग्न."

तेओपिस्ताने टाळ्या पिटल्या. "म्हणूनच तिसऱ्या भागात तो सारखा एकटा खिडकीपाशी उभा राहतो!"

"म्हणूनच बिनिका त्याचं रक्त तपासून काही बोलत नाही!" क्येस्वाने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "त्या किटलीला माहीत होतं! अरे बाप रे. कासुकूने आधीच सगळं पेरून ठेवलं होतं!"

मबांजाचंही तोंड उजळलं. "चौथ्यात मी एक वाक्य घालतो. 'माझ्या आईने मरताना खरं सांगितलं.' बास. बाकी जुनं राहू द्या."

हाजीने लोकांचे चेहरे पाहिले आणि मान डोलावली. असल्या गोष्टीसाठी लोक चारही भाग पुन्हा बघतील, एवढा हिशेब त्याला कळत होता.

आणि तेव्हाच एरिनाला दिसलं, की लोकांचे डोळे डॉक्टरवरून घसरून हळूच तिच्यावर आलेत. तेओपिस्ताच्या टाळ्या थांबल्या. मागे उभ्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. योकाना लग्नानंतर जरा लवकरच जन्मला होता, आणि बुसेगात म्हाताऱ्या काही विसरत नाहीत.

योकाना त्याच्या बापाचाच होता. एरिनाला त्यात कधी शंका नव्हती. हनुवटीवरची खळीसुद्धा त्या घराची. 'मी सिनेमाचं बोलतेय,' एवढं म्हणायला तिला एक श्वास पुरला असता. पण हाजीची मान अजून डोलत होती. ती थांबेल या भीतीने तिने झारा उचलला आणि कसावाचे नवे तुकडे तेलात सोडले.

रविवारी भोंगा तिच्या मुलाच्याच आवाजात बोलला. सोमवारी येकोयादा आला. तो बसला नाही.

"चहा घ्या, भावोजी."

"नको." त्याने टोपी डोक्यावरच ठेवली. "काल कुळाची बैठक झाली. हॉलपाशी तू जे बोललीस ते सगळीकडे पोचलंय. लोक म्हणतात, बाईने अखेर आपल्या तोंडाने कबूल केलं."

तिने झाऱ्याने तुकडे उलटवले.

"कार्य होणार नाही. जो आमचा नाही त्याचं कार्य आम्ही कसं करणार? ज्यांचा असेल त्यांनी रडावं, असं ठरलं." त्यानेच त्या पोराला खांद्यावरून मिरवलं होतं. "एरिना, एक शब्द बोल. ते पडद्यावरचं होतं एवढंच म्हण. मी आत्ता उलट जातो, सगळ्यांची तोंडं बंद करतो. मग रीतसर त्याचं कार्य करू, रीतसर त्याला रडू. तुझंही नाव राहील, त्याचंही."

तिच्या डोक्यावर भोंग्यातून योकाना सांगत होता, नालुमान्सीने जहाज वळवलं, मागे कुणी उरलं नाही. तो दम घ्यायला थांबला. तिने त्याच्याबरोबर श्वास घेतला.

"कसावा करपतोय," ती म्हणाली.

येकोयादा चढ उतरून गेला. त्याच्या पाठीकडे बघून रस्त्यावरच्या दोन बोडावाल्यांनी आवाज खाली आणले.

आता त्याला मेलेला म्हणायला कुणी येणार नव्हतं. हेच तिला हवं होतं. तुकडे निथळायला ठेवून ती उभी होती, आणि मग तिच्या मनात आलं ते थांबेना. योकाना लहानपणी कुठूनही आला की आधी येकोयादाच्या दारात जायचा, गुडघे टेकून नमस्कार करायचा, मग घरी. बसमधून उतरला तर आजही तो आधी तिकडेच जाईल. पाठीवर पिशवी, तोंडावर धूळ, तो गुडघे टेकेल, आणि आतून कुणीतरी विचारेल, तू कुणाचा?

त्याला वाटेल, थट्टाच चाललीय. तो हसेल.

एरिना तेव्हापासून बस थांब्याकडे तोंड करून तळते.